बहिऱ्याची मागणी

रविवारी दुपारी बहिरा मागणी घालायला येणार, असा निरोप आल्यापासून कुको बोलायच्या वाक्यांची जुळवाजुळव करत होता, आणि रविवार उजाडला तरी एकही वाक्य जुळलं नव्हतं. मागणी त्याच्या थोरल्या बहिणीला होती. बहिणीचं वय सत्तावन्न. नवरदेव साठीचा, आणि डोंगराच्या या बाजूला ज्याचं नाव निघालं की माणसं आधी खिडकी लावून घेत आणि मग बोलत, त्या टोळीचा म्होरक्या.

"अहो, तो सदरा नको," अंपारो म्हणाली. "त्याला पाठीवर डाग आहे."

"मी त्याला पाठ दाखवणारच नाही."

"पळायची वेळ आली तर दाखवाल ना."

बायको हे थट्टेने म्हणत नव्हती. ती दुसरा सदरा घेऊनच उभी होती. कुकोने निमूटपणे सदरा बदलला.

"आणि हे बघा," त्याची कॉलर नीट करत ती म्हणाली, "तुम्ही 'हो' म्हणून टाका. मला काही ताईंना घालवायची हौस आलेली नाही. पण आपल्याला पोरंबाळं आहेत. नाही म्हटलं तर तो काय मागणीचे पाव परत घेऊन शांतपणे घरी जाणार आहे?"

"आणि हो म्हटलं तर रस्ता जाईल त्याचं काय?"

"रस्ता गेला तर जाऊ दे. रस्त्याला कोण रडतंय?"

रस्त्यासाठीच सगळं चाललं होतं, हे लोस फ्रेस्नोस गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ओतिलियाताईच्या अवोकाडोच्या बागेतून एक कच्चा रस्ता वर डोंगरात जायचा आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरायचा. टोळीला आपला माल न्यायला तो हवा होता. चार वर्षांपूर्वी ताईचा नवरा एलादिओ फवारणीला म्हणून वर गेला आणि परत आलाच नाही. त्यानंतर गावाने त्या रस्त्याच्या तोंडाशी वाळूची पोती रचली, एक ओंडका आडवा टाकला आणि बंदुका घेऊन पाळीपाळीने पहारा सुरू केला. नाक्याचा सगळा कारभार ताईकडे. कुणी कधी बसायचं, कुणाची बंदूक साफ नाही, पहाऱ्यावर कोण पेंगलं, सगळं तिच्या डोळ्यांत. बहिऱ्याच्या लोकांनी एकदा गोळ्या झाडून पाहिल्या. पाण्याच्या टाकीला भोकं पडली, ती ताईने धुण्याच्या साबणाने बुजवली, आणि नाका होता तिथेच राहिला.

जे गोळ्यांनी जमलं नाही ते आता पावांच्या टोपल्या घेऊन जमवायचं बहिऱ्याच्या मनात आलं होतं. लग्न झालं की बायकोचा रस्ता तो नवऱ्याचा रस्ता. गावाने मग त्याला कोणत्या तोंडाने अडवायचं?

ताई आपल्या घराच्या अंगणात तांब्याच्या मोठ्या कढईत डुकराचं मटण परतत होती. केसांना नेहमीचा लाल रुमाल. एलादिओ गेल्यापासून तिने काळा रुमाल एकदाही बांधला नव्हता, आणि बांध म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती.

"ताई," कुको जवळ जाऊन हळूच म्हणाला, "मी काय बोलू?"

"भावांत थोरला तू. मुलीकडचं बोलणं तुझं."

"पण तुझ्या मनात काय आहे?"

"माझ्या मनात हे मटण करपू नये असं आहे. बाजूला हो, सावली पडतेय."

"ताई, तू सांगशील ते बोलतो मी. शब्दाला शब्द."

"मी काही सांगणार नाही. सांगितलं तर तू ते पाठ करशील, आणि त्याच्यासमोर उभा राहिलास की विसरशील. तुला मी ओळखत नाही का? शाळेत कविता म्हणायला उभा केला होता, तेव्हा काय केलंस आठवतंय ना?"

कुकोला आठवत होतं. त्याने विषय वाढवला नाही.

धाकटा भाऊ लिब्रादो अजून आला नव्हता. लिब्रादो अवोकाडोचा व्यापारी. बोलायला लागला की कच्चं फळही पिकेल असं त्याचं बोलणं. निरोप आल्याच्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद होतं, "जमवून घेऊ या की. माणूस काय कायम वाईट राहतो?" आज तो आपल्या शेजारी बसला की बोलायचं ओझं निम्मं होईल, अशी कुकोला आशा होती.

ती आशा दुपारी गाड्या आल्या तेव्हा संपली. नाक्यावर ताईने सांगून ठेवलं होतं, की पाहुणे पायी येतील आणि आत येताना बंदुकीच्या नळ्या खाली राहतील. त्याप्रमाणे ओंडक्याच्या अलीकडे पाहुण्यांची रांग चालत आली. पुढे टोळीतली चार दांडगी पोरं, खांद्याला रायफली आणि हातात रंगीत कागदाच्या झालरी लावलेल्या टोपल्या: पाव, चॉकलेट, केळी, मेस्काल दारूच्या बाटल्या. टोपली सांभाळायची की रायफल, या घोळात एकाची केळी दोनदा रस्त्यावर पडली आणि दोनदा त्याने ती पुसून परत ठेवली. मागे खुद्द एवोदिओ. त्याला बहिरा हे नाव गावानेच दिलेलं. तरुणपणी गावच्या संताच्या उत्सवात त्याने फटाक्यांची अख्खी पेटी एकदम पेटवली होती. डावा कान कायमचा गेला, उजवा नावापुरता राहिला. आज त्याने मिशा रंगवल्या होत्या. रंग ताजा होता, आणि ऊन कडक होतं.

त्याच्या हाताला धरून त्याची आई कांदेलारिया चालत होती. मुलाने मागणी घालायची तर आई बरोबर हवी, एवढा रिवाज बहिऱ्यालाही पाळावा लागला होता. म्हातारीला गावाने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि तिच्या दुसऱ्या बाजूला, नवरदेवाकडचा बोलणारा म्हणून, नवा कोट घालून, लिब्रादो.

"सख्खा भाऊ," अंपारो कुकोच्या कानात म्हणाली. "सख्खा! आणि तिकडे."

"तूच मघाशी हो म्हणा म्हणालीस ना?"

"हो म्हणणं वेगळं. तिकडे जाऊन बसणं वेगळं."

अंगणात खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. म्हातारीने पुरुषांच्या ओळीकडे एकदा पाहिलं आणि "मला इथे काय काम?" म्हणून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. कुकोही पाणी आणतो असं सांगून तिच्या मागोमाग सटकला.

आत ताई पाल्यात उकडलेले मक्याचे कोरुंदा ताटात काढत होती. म्हातारीने एक उचलला, पाला सोलला आणि उभ्याउभ्याच खायला लागली.

"किती दिवसांनी," ती म्हणाली. "तिकडे सगळं डब्यातलं. आज या घरात, उद्या त्या घरात. खिडकी उघडू नको, चर्चात मिस्साला जाऊ नको, शेजारणीशी बोलू नको. शेजारीण असेल तर बोलू ना! दाराशी बंदुकवाले, आत टीव्ही, आणि टीव्हीतही बंदुकवालेच."

"घ्या, आणखी एक घ्या," ताई म्हणाली.

म्हातारीने दुसरा घेतला. मग तिने ताईकडे नीट पाहिलं. "बाई, तुला करायचंय का हे लग्न?"

"मला विचारतंय कोण? धाकटा भाऊ त्या बाजूला जाऊन बसलाय आणि थोरला इथे घागरीमागे लपलाय."

"लपलो नाही, पाणी घेतोय," कुको म्हणाला.

"मी विचारतेय," म्हातारी म्हणाली.

ताईने हात पुसले. "माझा नवरा एका सकाळी फवारणीला गेला. तो मेला की आहे, मला माहीत नाही. आजी, मी अजून रोज रात्री त्याच्या बाजूची उशी झटकून ठेवते. आता या घरात दुसरं कुणी झोपवायचं तर ती उशी मी कुठे ठेवू, एवढं मला कुणीतरी सांगा."

म्हातारी खायची थांबली. कुकोच्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. ताई विधवा नाही! एलादिओ मेल्याचा कुणाकडे पुरावा नाही. मग चर्चमध्ये दुसरं लग्न लागणार कसं? फादर सेल्सो लावूच शकत नाहीत! हे कारण किती सोज्वळ. यात कुणाचा अपमान नाही, कुणाला नकार नाही, सगळा दोष चर्चचा. त्याला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की घागर तिथेच विसरून तो बाहेर आला.

बाहेर लिब्रादोने भाषण सुरू केलं होतं. अशा वेळचं बोलणं नाजूक, गोड, हळू आवाजातलं असतं. पण नवरदेवाला ऐकू जायला हवं म्हणून लिब्रादो ते गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता.

"या अंगणात एक फूल आहे!"

"काय आहे?" बहिऱ्याने विचारलं.

"फूल! फूल! आमचा भुंगा त्याच्या वासाने लांबून आलाय!"

कुंपणाबाहेर सगळं गाव जमलं होतं. तिकडून कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं. टोपलीवाल्या एका पोराने रागाने वळून पाहिलं, पण त्याच्या हातात केळी असल्यामुळे त्या रागाला जोर आला नाही.

"आता मुलीकडून उत्तर येऊ दे!" लिब्रादो घाम पुसत बसला.

कुको उभा राहिला. बहिऱ्याचे डोळे त्याच्यावर रोखलेले. मघाचं झकास कारण एखाद्या चिमणीसारखं भुर्रकन उडून गेलं. जिभेवर आलं ते वेगळंच.

"थोडा वेळ द्या," तो पुटपुटला.

बहिऱ्याने उजवा कान पुढे केला. "थोरला बैल?"

"नाही, थोडा वेळ..."

"थोरला बैल देतो! दोन देतो!" बहिऱ्याने मांडीवर थाप मारली. "लिब्रादो, बघ, माणूस व्यवहारी आहे! मला वाटलं हा नाही म्हणतो की काय!"

कुंपणाबाहेर आता उघड हसू फुटलं. अंपारोने कपाळाला हात लावला. कुकोला वाटलं, आपण आपल्या बहिणीला दोन बैलांवर दिली. त्या भीतीने मात्र त्याला नेमकं मघाचं कारण परत आठवलं. आता हे कानात शिरलंच पाहिजे म्हणून तो दोन पावलं पुढे गेला, छाती भरून श्वास घेतला आणि बहिऱ्याच्या उजव्या कानाशी ओरडला.

"ताई विधवा नाही!"

"काय नाही?"

"विधवा! विधवा नाही! एलादिओ बेपत्ता आहे! तो मेलाय हे ठरल्याशिवाय चर्चमध्ये लग्न लागत नाही!"

बहिऱ्याच्या कपाळावरची आठी विरघळली. तो मोकळेपणाने हसला, रंगाचा एक ओघळ मिशीतून ओठावर आला.

"हात्तिच्या, एवढंच ना? अरे, मेलाय तो! केव्हाच मेलाय! फादरपुढे मी शपथ घेऊन सांगतो, मग तर झालं?"

कुंपणाबाहेरचं हसू तिथल्या तिथे थांबलं. कढईतली चरबी तेवढी तडतडत होती. लिब्रादोच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. बहिरा अजून हसतच होता. आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात यायला थोडा अवकाश लागला.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दाराशी अवोकाडोचं रिकामं खोकं पालथं पडलं होतं, त्याच्यावर ती सावकाश बसली.

तिच्या मागून म्हातारी बाहेर आली. ती बरोबर मुलाच्या उजव्या बाजूला गेली. कुठल्या कानात बोलायचं हे तिला आयुष्यभर माहीत होतं.

"एवोदिओ, तुला काय माहीत?"

"आई, तू आत बस."

"तो मेलाय हे तुला काय माहीत?"

"लोक म्हणतात."

"कुठले लोक? या बाईला चार वर्षांत कुणी म्हणालं नाही. तुला बरं म्हणाले."

बहिऱ्याने आपल्या पोरांकडे पाहिलं. पोरं टोपल्यांतले पाव निरखत होती.

"कुठे आहे तो?" म्हातारीने विचारलं. "मी तुझी आई आहे. मला सांग."

बहिरा तिच्याकडे वाकला. बहिऱ्या माणसाला आपल्याच आवाजाचा अंदाज नसतो. आपण आईच्या कानात कुजबुजतोय असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात ते कुंपणाबाहेरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं.

"वरच्या गोठ्यामागं. वीज पडलेल्या ओकाच्या झाडाखाली. आई, तुझी शपथ, मी नव्हतो तिथे. पोरांनी केलं, मला नंतर सांगितलं."

कुकोने ताईकडे पाहिलं. हिने आता कढईतला झारा उचलावा, बंदूक उचलावी, किंचाळावं, काहीतरी करावं असं त्याला वाटत होतं.

"तिथून आपली टाकी दिसते," ताई म्हणाली. "एवढ्या जवळ होता."

मग तिने लाल रुमालाची गाठ सोडली आणि तो मांडीवर घेऊन त्याच्या घड्या घालत बसली. अंपारो उठली. 'हो म्हणून टाका' म्हणणारी अंपारो सगळ्या पाहुण्यांसमोरून चालत गेली, त्या खोक्याच्या उरलेल्या कोपऱ्यावर कशीबशी टेकली आणि तिने ताईच्या खांद्यावर हात टाकला.

म्हातारीने एका पोराच्या हातातून पावांची टोपली काढून घेतली आणि मुलाच्या पायाशी ठेवली. "हे पाव घेऊन, माझा हात धरून तू मला इथे आणलंस. या घरात. या बाईसमोर."

"आई, घरी चल. आपण बोलू."

"कुठल्या घरी? मला घर कुठे आहे?" ती कुकोच्या रिकाम्या खुर्चीत बसली. मुलीकडच्या ओळीत. "त्या माणसाला खाली आण. नीट, चादरीत गुंडाळून. मिस्सा होऊ दे, माती होऊ दे. तोवर मी उठत नाही."

"आई!"

"मला ऐकू येतं. बहिरा तू आहेस."

बहिऱ्याने दोन पोरांना मानेने खूण केली, म्हातारीला उचला. त्यातला एक डोक्यावरची टोपी नीट करायला लागला. दुसऱ्याला अचानक बुटाची नाडी सुटलेली दिसली. गोळीबारात पुढे असणारी ती पोरं होती, पण साहेबांच्या आईला खुर्चीसकट उचलायचं, आणि तेही अख्ख्या गावादेखत, हे त्यांच्या कामात बसत नव्हतं.

तेवढ्यात लिब्रादो उठला. त्याने आपली खुर्ची उचलली, हळूच अलीकडच्या ओळीत आणून ठेवली आणि तिच्यावर बसला.

"तिकडे ऊन येतंय," तो कुकोला म्हणाला.

"कोट काढ मग," कुको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बहिऱ्याच्या पोरांनीच एलादिओला डोंगरावरून खाली आणला. नव्या चादरीत, खांद्यावरून, बंदुका गाडीत ठेवून. ओंडका बाजूला करायला ताई स्वतः नाक्यावर उभी होती. तिने चादरीची कड उचलून पाहिली, पट्ट्याचं बक्कल ओळखलं, मानेने हो म्हटलं आणि मग बराच वेळ त्या पट्ट्यावरून हात काढला नाही. दफनाच्या वेळी तिने पहिल्यांदा काळा रुमाल बांधला. लिब्रादो सगळ्यांत मोठ्याने रडला, आणि त्याला कुणी टोचून बोललं नाही.

गावात कुकोचं नाव झालं. काय डोकं लढवलं, बहिऱ्याच्या तोंडून कसं वदवून घेतलं, म्हणून जो तो त्याच्या पाठीवर थाप मारू लागला. आपण फक्त लग्न चुकवायचं निमित्त सांगत होतो, हे कुकोने एकदा अंपारोला सांगायचा प्रयत्न केला.

"गप्प बसा," अंपारो म्हणाली. "लोक चांगलं म्हणतायत तर म्हणू दे."

माती झाली, प्रार्थनेचे दिवस संपले, तरी कांदेलारिया आजी काही उठली नाही. ताईच्या मागच्या खोलीत तिची खाट पडली. सकाळी मिस्सा, मग गावभर फिरून कोण कुणाचं कोण याची चौकशी, आणि दुपारपासून नाक्यावर पोत्यांना टेकून खुर्ची टाकून शेंगा सोलणं. बहिऱ्याच्या गाड्या वळणापर्यंत यायच्या, खुर्ची दिसली की थांबायच्या, आणि मागे मागे जायच्या. खाली त्याचीच माणसं कुरकुरायला लागली आहेत असं कानावर येत होतं. हे किती दिवस टिकेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पण त्या खुर्चीच्या दिशेने नळी रोखणारा अजून टोळीत जन्मायचा होता.

एका दुपारी कुकोची पाळी असताना बहिरा एकटा पायी आला. बंदूक नाही, टोपी हातात, मिशा पांढऱ्या. काखेत आईची शाल आणि तिची गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली.

"कोण आहे रे?" आजीने मान वर न करता विचारलं.

"तुमचा मुलगा," कुको म्हणाला.

"त्याला सांग, झोपलेय."

कुकोने आजीकडे पाहिलं. ती टक्क जागी होती आणि एक किडकी शेंग उजेडात धरून बघत होती. त्याने बहिऱ्याकडे पाहिलं. बहिरा ओंडक्याच्या पलीकडे दहा हातांवर उभा होता आणि त्यालाही ती दिसत होती.

"झोपल्यात!" कुको ओरडला.

बहिऱ्याने काखेतली शाल सावरली. "कधी उठेल?"

कुकोने आजीकडे वळून पाहिलं. आजीने शेंग टाकून दिली, दुसरी घेतली. "शाल ठेवून जा म्हणावं. आणि उन्हात टोपी घाल म्हणावं."

कुकोने ते जसंच्या तसं ओरडून सांगितलं. आपल्या आवाजात कंप नव्हता हे नंतर, घरी जाताना त्याच्या लक्षात आलं. बहिऱ्याने शाल आणि बाटली ओंडक्यावर ठेवली, टोपी डोक्यात घातली आणि तो आल्या वाटेने खाली चालत गेला.

"घातली का?" आजीने विचारलं.

"घातली."

"हं," ती म्हणाली, आणि शेंगांची टोपली तिने कुकोच्या पुढ्यात सरकवली. "रिकामा काय बसलायस? सोल."